तानुबाईची डिजिटल सही

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पाटी लागली. 'पंजाबराव ई-सही सेवा केंद्र, वडनेर भोलजी, बसस्टँडसमोर.' खाली लाल अक्षरांत 'कायद्याने मान्य'. पेंटर विचारत होता, भाऊ, झेरॉक्सही लिहू काय? मी म्हणालो, आयुष्यभर झेरॉक्सवालाच होतो, आता पुरे. मशीन कोपऱ्यात राहील, पाटीवर नको.

सुवर्णा डबा घेऊन आली, कमरेवर हात ठेवून पाटी वाचली आणि म्हणाली, "कायद्यानं मान्य? तुमी कवा पाह्यला कायदा?"

मी म्हणालो, ई-सहीच्या कंपनीने पाहिला. मलकापूरच्या हॉटेलात दिवसभर ट्रेनिंग झालं, प्रमाणपत्र मिळालं. ट्रेनर स्वच्छ म्हणाला की शाईच्या सहीला जो मान तोच ई-सहीला, दोन हजार सालापासून. आता घरभाड्याचा करार असो की नोकरीचा, माणूस माझ्या खुर्चीवर बसेल, आधार नंबर सांगेल, मोबाईलवर ओटीपी येईल, तो टाकला की सही. ना पेन, ना शाई, ना तालुक्याच्या चकरा. नवऱ्याचं कौतुक करायचं सोडून ही कायदा विचारते. राग आला, पण पाटीच्या दिवशी भांडण नको म्हणून डबा उघडला.

ही डायरी बियाण्याच्या कंपनीने दिवाळीला दिलेली. पानावर वर छापलं आहे 'शेतात फेरी मारा, पाने उलटून पाहा'. मला शेत नाही. पण नवा धंदा सुरू करणाऱ्या माणसाने लिहून ठेवावं असं वाटलं.

एक गोष्ट पहिल्याच पानावर लिहितो, कारण सुवर्णाला तिची किंमत नाही. गावात आधारचं शिबिर लागलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांपैकी कोणाकडे मोबाईल होता? फॉर्मवर तर नंबर लागतो. मी माझा दिला. ज्याच्याकडे नाही त्याच्यापुढे माझा. म्हणून आज निम्म्या वडनेरचे ओटीपी माझ्या मोबाईलवर पडतात. गाव त्याला नुसता 'नंबर' म्हणतं. "भाऊ, माहा नंबर आला काय?" अशी सकाळपासून रांग. एवढा विश्वास आमदारावर तरी आहे का?

१० नोव्हेंबर, सोमवार

आज खऱ्या अर्थाने बोहनी झाली. तानुकाकू आली होती, काजलचा हात धरून.

तानुबाईला मूलबाळ नाही, नवरा जाऊन कैक वर्षं झाली. काजल तिच्या बहिणीची नात. आईबाप गेल्यावर बोटाला धरून आणली ती इथेच वाढली. दत्तकाचा कागद वगैरे काही नाही, तेव्हा कोणाला सुचलं नाही. आता पोरगी ओसरीत शिलाई मशीन टाकून गावाचे ब्लाउज शिवते आणि म्हातारीचं सगळं करते. घर हायवेला लागून, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर तानुबाईच्या नावाने. तिच्या माघारी ते नवऱ्याच्या पुतण्याला जाणार, नांदुऱ्याच्या भागवतला.

"भागवत वाईट नाई," काकू म्हणाली, "पन थो घर पाडून गाळे काढीन. त्याचंबी बरोबर हाये, रोडवरची जागा हाये. पन मंग माही काजल कुठी जाईन? पंजाब, मले कागद करून दे बापा. माह्या माघारी घर काजलचं, असा."

मी म्हणालो, काकू, आत्ता बसल्या जागी करून देतो.

ॲपमध्ये घरभाडं, करार, हमीपत्र असे तयार मथळे आहेत. मृत्युपत्राचा नव्हता. मग 'इतर दस्तऐवज' उघडून मजकूर मीच टाईप केला, झकास मराठीत. 'मी, तानुबाई, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय.' वाचून दाखवलं तेव्हा काजल पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग खाली बारीक इंग्रजीत पंधरा-वीस ओळी येतात आणि एक चौकट. त्या चौकटीत नेहमीप्रमाणे टिचकी मारली, त्याशिवाय पुढे जाताच येत नाही. काकूचा नंबर अर्थातच माझ्या मोबाईलवर आला, टाकला. साक्षीदार म्हणून मी स्वतः, आणि दुसरी सुवर्णा. ती घरी स्वयंपाक करत होती, पण तिचाही नंबर माझ्याच मोबाईलवर येतो, त्यामुळे तिला उठवावं लागलं नाही. तिन्ही सह्या चहा थंड व्हायच्या आत.

काकू म्हणाली, "अंगठा कुठी लावू?" सकाळी राखुंडीने घासून घासून अंगठा धुऊन आली होती बिचारी. जन्मभर कापूस वेचून बोटांच्या रेषा गेल्या आहेत, रेशनच्या मशीनवर कधी उमटत नाहीत, म्हणून तिला धास्ती.

"लागतच नाही काकू. झाली तुमची सही."

"कवा?"

"आत्ताच."

तिने अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी स्क्रीनवरची हिरवी खूण दाखवली. प्रिंट काढून लॅमिनेट करून दिली, वर्षानुवर्षं टिकायला हवी. कामाचे पैसे घेतले नाहीत. काजल पाया पडली.

घरी येऊन सुवर्णाला हौसेने सांगितलं तर म्हणते, "माही सही? मले इचारलं काय?" चांगल्या कामाला विचारायचं काय असतं? हिला प्रत्येक गोष्टीत खोड काढायचीच सवय आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

धंदा जोरात. दोन भाडेकरार, एक जिनिंगवाल्याचा हमालीचा करार. एका पतसंस्थेच्या मॅनेजरने मात्र माझा ई-सहीचा कागद परत पाठवला, म्हणे "शाईची सही आणा." कोणत्या जमान्यात राहतात ही माणसं! कायद्याचं कलम पाटीवर लिहून लावायला हवं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज तळपायाची आग मस्तकात गेली आहे. शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

टोनर आणायला मलकापूरला गेलो होतो. कोर्टासमोर कौसर भेटली, आमच्या रहेमतुल्ला टेलरची मुलगी. आता वकील आहे. लॉ कॉलेजचा प्रवेशफॉर्म भरायला माझ्याच दुकानात आली होती, ओळ न् ओळ मी भरला. तिच्या अब्बांचं घर तानुबाईच्या घराला लागून, मधे एक भिंत. म्हणून आनंदाने मोबाईलवर मृत्युपत्र दाखवलं. वाटलं, म्हणेल वा चाचा.

तिने वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "चाचा, हे चालत नाई."

"काय चालत नाही?"

"मृत्युपत्र ई-सहीनं होत नाई. ज्या कायद्यानं ई-सही आली, त्याच कायद्याच्या शेवटी लिहून हाये का ह्या ह्या कागदाले हा कायदा लागू नाई. मृत्युपत्र त्यात हाये. चेक सोडून बाकीच्या हुंड्याबी हायेत. पहिले जमीनजागेच्या विक्रीचे करारबी होते, ते सरकारनं काढले काही वर्षांपूर्वी. मृत्युपत्र ठेवलं."

म्हणजे पाहा! जागा विकायचा करार बोटाने चालतो, आणि तीच जागा मरताना लेकीसारख्या पोरीला द्यायची तर चालत नाही. हा कायदा कोणी केला? त्याला आई होती की नव्हती?

मी म्हणालो, तू नवीन आहेस, मोठ्या वकिलाला विचार. ती हसली नाही, उलट मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, "अन् दुसरं. तानुदादीचा ओटीपी कोनाच्या मोबाईलवर आला?"

"माझ्या."

"सुवर्णाचाचीचा?"

"माझ्याच."

"मंग हे मृत्युपत्र कोनं केलं, चाचा? तिघांच्या नावानं तुमी एकट्यानंच सही केली. सही तिच्या ताब्यात पाह्यजे. भागवतचा वकील पह्यल्यांदा हेच इचारीन."

भर रस्त्यात, चहावाल्यासमोर, मला म्हणते मीच सही केली! म्हणजे मी खोटी सही करणारा झालो. ज्या माणसावर निम्मं गाव डोळे मिटून विश्वास ठेवतं, त्याला ही कालची पोर असं बोलते.

मग समजावणीच्या सुरात म्हणाली, "इतकं काई बिघडलं नाई. साधा कागद घ्या, स्टॅम्पबी लागत नाई. दादीचा अंगठा घ्या, तिच्यासमोर दोघा जनांची साक्षीची सही घ्या. अब्बा अन् अम्मी बाजूलेच हायेत. पाच मिनिटाचं काम हाये. मी रविवारी येऊ काय?"

मी म्हणालो, तू मधे पडू नकोस. मी केलेलं काम मी बघतो.

"मंग उद्याच करा," ती म्हणाली.

बसमध्ये बसलो तरी डोक्यात तेच. साधा कागद! पाटीवर 'कायद्याने मान्य' लिहून मी त्याच म्हातारीकडे साधा कागद आणि शाई घेऊन जाऊ? उद्या गाव म्हणेल, पंजाबची मशीन फेल गेली. टोनर आणायचा राहिलाच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. खूप वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी आली, हिंदीत बोलली. सर, कोणता दस्तऐवज ई-सहीने करता येतो ते वापरणाऱ्याने तपासायचं असतं. मी म्हणालो, असं कुठे लिहिलं आहे? म्हणाली, चौकटीत टिचकी मारण्यापूर्वी वर लिहिलेलं असतं, सर. ते बारीक इंग्रजी! मोतीबिंदू झालेल्या माणसांच्या देशात मुंगीएवढ्या अक्षरात कायदा सांगतात आणि वर वापरणाऱ्याने तपासायचं. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. शेवटी ती म्हणाली, तुमची तक्रार नोंदवली, आपला दिवस शुभ जावो.

सुवर्णाने फोन ऐकला होता. जेवताना म्हणाली, "तानुबाईले सांगतलं काय?"

"काय सांगायचं? दुरुस्त झाल्यावर सांगेन."

"कागदच दुरुस्त करा ना मंग. कौसर म्हनते तसं."

"कागद बरोबर आहे! कायदा चुकीचा आहे. कायदा दुरुस्त व्हायला पाहिजे."

ती ताट उचलून आत गेली. बायकांना तत्त्व कळत नाही.

ठरवलं आहे. निवेदन द्यायचं. एकट्या तानुबाईचा हा प्रश्न नाही, साऱ्या देशातल्या म्हाताऱ्या माणसांचा आहे. बुलढाण्याला जाऊन जिल्हाधिकारी साहेबांच्या हातात देईन, तिथून मुंबई, तिथून दिल्ली.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुकान बंद ठेवून दिवसभर निवेदन लिहिलं. सुरुवात चांगली जमली आहे: 'एकीकडे शासन म्हणते डिजिटल व्हा, आणि दुसरीकडे मरणाऱ्या माणसाला म्हणते शाई आण.' हे वाक्य कोणीही खोडून दाखवावं.

संध्याकाळी काजल ओल्या तुरीच्या शेंगा घेऊन आली, परड्यातल्या. म्हणाली, मायला चार दिवसांपासून खोकला आहे, धाप लागते. मलकापूरच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला, औषधं दिली, वयाच्या मानाने जपा म्हणाला. मग म्हणाली, "पन माय एकदम निवांत हाये भाऊ. तुमचा कागद उशाखाली ठिवते. म्हनते, आता यमराज आला तरी हरकत नाई, माह्या काजलचं घर पक्कं हाये."

मी शेंगा सोलत होतो. एकदा वाटलं सांगावं. पण आजारी माणसाला घोर कशाला लावायचा? निवेदन गेलं की आपोआप सगळं सरळ होईल. काजलला म्हणालो, काळजी नको.

कौसरचाही फोन आला. "चाचा, झालं काय थे काम?"

"होऊन राहिलं," मी म्हणालो. खोटं नाही त्यात काही. निवेदन लिहून होतच होतं.

"चला, बरं झालं," ती म्हणाली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

निवेदनावर सह्या गोळा करायला फिरलो. ई-सहीने घेणार होतो, पण बुलढाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात फोन केला तर बाबू म्हणाला, निवेदन कागदावर आणा, खाली सह्या-अंगठे असू द्या. डोकं फिरलं. ई-सहीच्या बाजूने निवेदन, तेही कागदावर! पण काम महत्त्वाचं, म्हणून गिळलं.

शेवटी तानुबाईकडे. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलाय, पण डोळे ताजे. रहेमतुल्ला आणि त्याची बायको नूरबी तिथेच होते, नूरबी तिला तांदळाची पेज भरवत होती, काजल पायथ्याशी बसली होती. मी म्हणालो, काकू, या कागदावर अंगठा पाहिजे.

"कायचा कागद हाये?"

"तुमच्याच कामाचा."

पुढे विचारलं नाही तिने. नूरबी बचत गटाची सचिव आहे, बायकांच्या अंगठ्यासाठी स्टॅम्पपॅड घरीच असतं, ते घेऊन आली. काकूने अंगठा दाबला. आणि काय सांगू, मशीनवर न उमटणारा अंगठा कागदावर लखलखीत उमटला! खाली रहेमतुल्लाने सही केली, त्याच्याखाली नूरबीने. तिघं एका जागी, माझ्यासमोर, पाच मिनिटांत आटोपलं. एकूण एक्केचाळीस सह्या झाल्या.

एक गंमत झाली. मी कागद आवरत होतो तर काकूने उशाखालून लॅमिनेट केलेलं मृत्युपत्र काढलं आणि म्हणाली, "पंजाब, अंगठ्याले शाई हायेच, ह्याच्यावरबी लावते. ह्याच्यावर माहा अंगठा नाई म्हनून मनाले बरं वाटत नाई." आणि सगळ्यांसमोर लावलाच! निळा अंगठा बरोबर नावाखाली. प्लॅस्टिकवर शाई थोडीच धरते, ओघळायला लागली. मी झटकन रुमालाने पुसून टाकला. म्हणालो, काकू, खराब करू नका, हा पक्का कागद आहे, ह्यावर अंगठा लागत नाही.

"नाई लागत?" तिने विचारलं.

"नाही."

"बरं बापा," म्हणाली आणि पुन्हा उशाखाली ठेवला.

नवा रुमाल खराब झाला. सोमवारी बुलढाणा.

१ डिसेंबर, सोमवार

बुलढाण्याहून येतानाच्या बसमध्ये हे लिहायला सुरुवात केली. राजूर घाटात अक्षर हलतं आहे.

साहेब दौऱ्यावर होते. आवक टेबलावरच्या बाईंनी निवेदन वाचलं, सभ्य होत्या, म्हणाल्या, "काका, हा केंद्राचा कायदा आहे, इथून काही बदलत नाही. पण पुढे पाठवू." शिक्का मारून पोच दिली. मी म्हणालो, किती दिवसांत? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. मी म्हणालो, एक म्हातारी वाट पाहते आहे. त्या म्हणाल्या, "मृत्युपत्र करायचं असेल तर साध्या कागदावर करून घ्या ना, काका." इथेही तेच! सगळ्यांनी ठरवूनच ठेवलं आहे जणू. चांगला वाद घातला, मागच्या रांगेतली माणसं ओरडायला लागली तेव्हा निघालो.

मोताळ्याला बस थांबली असताना सुवर्णाचा फोन आला. तानुबाई गेली. दुपारी, झोपेतच. बस सुटली, म्हणून लिहिणं

२ डिसेंबर, मंगळवार

माती झाली. सारं गाव होतं. भागवत नांदुऱ्याहून आला, त्यानेच पाणी दिलं, डोळ्यांत पाणी होतं, ढोंग नव्हतं. काजलला नूरबीने धरून ठेवलं होतं.

कौसर आली होती. गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आली, हळू आवाजात म्हणाली, "कागद अम्मीजवळ हाये काय चाचा? तिनं मले सांगतलं, शुक्रवारी तिघांच्या सह्या झाल्या म्हनून."

मी म्हणालो, तो निवेदनाचा होता.

"कायचं निवेदन?"

मी सांगितलं, कायदा बदलण्याचं. वकील असून एक शब्द बोलली नाही, मला तेच फार लागलं. निदान म्हणायचं होतं की चाचा, तुम्ही प्रयत्न तरी केला.

६ डिसेंबर, शनिवार

काही सुचत नाही म्हणून कंपनीला पत्र लिहिलं, तीन पानी. एवढ्या मोठ्या कंपनीने ज्या माणसांना इंग्रजी येत नाही त्यांच्या गावात एजंट नेमावेत आणि जबाबदारी चौकटीत कोंबावी! त्यांना कोर्टात खेचलं पाहिजे. कौसरला फोन केला, तिने उचलला नाही.

सुवर्णा माझ्याशी कामापुरतं बोलते. काल तिच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडून आली, मलकापूरला जाऊन, एकटीच. मला न सांगता.

१५ डिसेंबर, सोमवार

तेरवी परवा झाली. आज सकाळी भागवत दुकानात आला. वारस म्हणून घर नावावर करायचा अर्ज भरायचा होता. गावात दुसरं दुकानच नाही. मी म्हणालो, भागवत, काकूची इच्छा घर काजलला द्यायची होती, तुला माहीत आहे.

"माईत हाये," तो म्हणाला. खुर्चीत मान खाली घालून बसला होता. "भाऊ, खरं सांगतो. काकूच्या अंगठ्याचा एक साधा कागद असता तं म्या तोंड उघडलं नसतं. पन तुमचा थो कागद म्या वकिलाले दाखवला. थो म्हनते, हा काकूनं केलाच नाई. मंग म्या भावाबहिनीले काय सांगू? त्याईचाबी वाटा हाये."

मी कायद्यावर बोलायला लागलो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, अर्ज भरा. ओटीपी त्याच्या मोबाईलवर आला. वाचून सांग म्हणालो, तर कीबोर्ड स्वतःकडे ओढून त्यानेच टाकला. "कोनाले सांगू नये म्हनतात," म्हणाला. माझ्या दुकानात, माझ्या मशीनवर! एरवी मी त्याला उठवलं असतं.

दुपारी काजल आली. लॅमिनेटचा कागद हातात. खुर्ची दिली, बसली नाही.

"भाऊ, भागवतदादा म्हनते हा चालत नाई. खरं हाये काय?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. कायद्याची ती यादी, हुंड्या, जागेचे करार काढले पण मृत्युपत्र ठेवलं, कंपनीची बारीक अक्षरं, बुलढाण्याची पोच. पोच काढून दाखवलीही. हा अन्याय आहे, म्हणालो, मी सोडणार नाही, दिल्लीपर्यंत जाईन. माझा आवाज चढला होता, समोरच्या पानठेल्यावरची माणसं पाहायला लागली.

तिने सारं ऐकलं. मग विचारलं, "हे तुमाले कवा मालूम झालं?"

"काय?"

"का हा कागद चालत नाई, थे."

मी म्हणालो, मलकापूरला टोनर आणायला गेलो होतो त्या दिवशी. कौसरने सांगितलं.

"तवा माय जिती होती."

"हो, पण..."

"शेंगा आनल्या तवा तुमाले मालूम होतं."

मी पोच घडी करून खिशात ठेवली.

"तिनं अंगठा लावला, तुमी पुसला. तवाबी मालूम होतं." ती ओरडली नाही. तिने आरडाओरडा केला असता तर मला बोलता आलं असतं. तिने कागद काउंटरवर ठेवला, नावाखाली जिथे अंगठा होता तिथे बोट फिरवलं. प्लॅस्टिक कोरं होतं. मग ती निघून गेली. शिलाई मशीन तिने कालच नूरबीच्या ओसरीत हलवली आहे, हे मला संध्याकाळी सुवर्णाकडून कळलं.

दुकानात मोबाईल वाजत होता, कोणाचातरी नंबर आला होता. बाहेरून एक म्हातारा विचारत होता, भाऊ, माहा आला काय? त्याला म्हणालो, तुमच्या नातवाच्या मोबाईलवर जोडून घ्या, उद्यापासून माझ्याकडे नको. तो गोंधळून उभा राहिला.

ही वही मी दोष कोणाचा ते लिहून ठेवायला वापरली. सरकारचा, कंपनीचा, कौसरचा, बाबूचा, सगळ्यांचा लिहिला आहे, आणि तो खोटा नाही, कायदा आंधळा आहे असं मी आजही म्हणतो. पण काजलने कायदा विचारलाच नाही. तिने तारीख विचारली. मी मागची पानं उलटून पाहिली. १९ नोव्हेंबर, बुधवार. माझ्याच अक्षरात आहे, शाईने.